शमुवेलकाकांचा नवा करार

शमुवेलकाकांना कुणी साधं "उद्या येतो" म्हणालं, तरी ते चष्म्यावरून बघत विचारतात, "जुन्या करारानं का नव्या?"

आमच्या अमरावतीच्या कॉलनीत या प्रश्नातून कुणीही सुटलेलं नाही. नळ दुरुस्त करणारा रफिक एकदा म्हणाला, "काका, टाइम मिळाला तर उद्या येतो." काकांनी लगेच बोट वर केलं. "हा जुना. 'तर' आला का करार जुना झाला." तेव्हापासून रफिक "येतो काका, नव्या करारानं," असं सांगून जातो आणि तरीही दोन दिवसांनी उगवतो. काका त्याला एका शब्दानं बोलत नाहीत. "तेच तं हाय नव्या कराराचं," म्हणतात. "समोरचा चुकला तरी मोडत नाही."

काकांचं पूर्ण नाव शमुवेल तायडे. अकोल्याच्या कचेरीसमोर झाडाखाली टेबल-खुर्ची टाकून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज, करारनामे आणि मृत्युपत्रं लिहिली. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. हात थरथरायला लागल्यावर ते बायकोला घेऊन अमरावतीला आले. पुढे बायको गेली आणि ते एकटे राहिले.

मी त्यांची शेजारीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं घर बौद्ध. एकदा मी सहज म्हणाले, "काका, आमच्याकडे देवच नाही. आणि तुमच्याकडे थेट त्याच्याशी करारनामे!" खूप दिवसांनी पक्षकार समोर येऊन बसावा तसा काकांचा चेहरा उजळला. तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटलं की ते आमच्या ओट्यावर चहाला यायचे आणि शिकवणी सुरू व्हायची.

"हे पाहा बाई. पयला करार झाला सीनाय डोंगरावर. पक्षकार दोन. एक देव, दुसरे इस्राएल लोकं. अट काय? माह्या आज्ञा पाळा, तर तुमी माह्ये लोक. लोकं म्हणे, पाळतो. आन त्याईचा म्होरक्या मोशे दहा आज्ञाच्या दगडी पाट्या घेऊन खाली उतरून राहिला, तं खाली पूजेले सोन्याचं वासरू तयार! शाई वाळली नव्हती बाई, शाई!"

"दगडावर शाई कुठली काका?"

"बोलाची पद्धत हाय," काका चिडून म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

त्याच सुमारास सोसायटीचे अध्यक्ष ढोरेसाहेब यांनी फाटकापाशी काळ्या ग्रॅनाइटवर नियम कोरून घेतले. एकूण अकरा. काकांनी ते बोट लावून मोजले आणि ढोरेसाहेबांना विचारलं, "साहेब, देवानं दहावर भागवलं. तुमाले अकरा काहून लागले?" आठवडाभरात नियम क्रमांक चार मोडला. फाटकासमोर आडवी लावलेली ती गाडी ढोरेसाहेबांच्याच जावयाची होती. काका त्या दिवशी चार वेळा फाटकापर्यंत फिरायला गेले.

नव्या करारावर आले की मात्र त्यांचा आवाज उतरायचा. "एक संदेष्टा आधीच सांगून गेला होता. देव नवा करार करीन, दगडावर नाही, मानसाच्या काळजावर लिवीन. मंग प्रभू येशू आला. मरनाच्या आदल्या राती शिष्याईसंग जेवाले बसला. प्याला हाती घेतला न म्हणे, हा नवा करार, माह्या रक्तातला. आता पाहा, करार मोडला आपन आन शिक्षा घेतली त्यानं. दोनी बाजूच्या सह्या एकल्यानंच केल्या! माह्या टेबलावर कोनी असा कागद आनला असता, तं म्या सांगतलं असतं, बापू, हा टिकत नाही. दुसऱ्या पक्षानं तं काहीच कबूल केलं नाही."

"मग आज्ञा रद्द झाल्या का?"

"रद्द नाही. जागा बदलली. अंदर गेल्या. पयले लोकं भेवानं पाळत, आता वळखीनं पाळतेत. म्हंजे, पाळावं असं हाय," त्यांनी ढोरेसाहेबांच्या घराकडे बघत पुस्ती जोडली.

मला या सगळ्याची खरंच उत्सुकता वाटायला लागली होती. शाळेत मुलांना नियम सांगता सांगता मध्येच मला काका आठवायचे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते म्हणाले की, या करारात देवानं आणखी एक कबूल केलंय. तो लोकांची पापं पुन्हा आठवणार नाही.

"म्हणजे देव विसरतो?" मी विचारलं.

"विसरन कसा? देव हाय तो. त्याले सारं ध्यानात हाय. पन काढत नाही."

"आणि माणसाला जमतं का तसं? ध्यानात ठेवून न काढणं?"

प्रश्न मी सहज विचारला होता. काकांनी कप खाली ठेवला. उत्तरासाठी बोट वर केलं, ते तसंच काही वेळ हवेत राहिलं, मग खाली आलं. "येतो," एवढंच म्हणून ते उठले. पुढचे दोन रविवार ते आलेच नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात सकाळीच दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. "बाई, आज तुमाले सुट्टी हाय. सेमाडोहले जाऊन येऊ. तिथं माही सून राहाते. तुमी बाईमानूस संग असले तं मले बरं पडन."

काकांना मुलगा आहे हेच मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

परतवाड्याला गाडी बदलली. घाट लागला, दोन्ही बाजूंना सागाची झाडं आली, आणि काका खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले.

"दाविद नाव त्याचं. जिप्सी चालवते, लोकाईले जंगलात वाघ दाखवते. कोरकू पोरीसंग लगन करतो म्हणे. म्या त्याले कागद लिवून देल्ला. स्टॅम्प पेपरवर. पाच अटी. पोरीनं बाप्तिस्मा घ्यावा, लगन चर्चात व्हावं, अशा. पाळल्या तं घर तुहं, नाही तं नाही."

"मग?"

"त्यानं सारा वाचला. म्हणे, बाबा, अक्षर लय सुंदर हाय तुमचं. आन निंगून गेला." काकांनी खिडकीची काच सरकवली. "अठरा वर्षं झाले. त्याची माय गेली तवा आला होता. कब्रस्तानात मांगच उभा राहिला. म्या पाह्यलं, पन बोललो नाही. मले वाटे, सही करून कागद आनन. मी सही व्हायची वाट पाहात बसलो, आन लोकाईले नवा करार शिकवत बसलो."

 सेमाडोह येईपर्यंत काकांनी तीनदा केस विंचरले.

दाविदचं घर रस्त्यालगतच होतं, सारवलेल्या अंगणाचं. एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. वाटेत काकांचे ओठ सारखे हलत होते, त्यामुळे आता कलमवार भाषण होणार अशी मला खात्री होती. काका अंगणाच्या कडेला उभे राहिले, चपला काढल्या आणि म्हणाले, "मी दाविदचा बाप. भेटाले आलो. अट काही नाही."

बाईनं सूप बाजूला ठेवलं. तिचं नाव फुलवंती. 

"अठरा वर्षं लागली?" तिनं विचारलं.

"हो," काका म्हणाले. "म्या लय हळू वाचलं."

तिनं अंगणात खाट टाकली, पाणी आणलं. दाविद सफारीवर गेलाय, दुपारपर्यंत येईल, असं तिनं मला सांगितलं. काकांना नाही. मग ती आत गेली आणि भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागला. आम्ही जेवलो. तुरीचं वरण, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. काकांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी तिनं न विचारता वाढली, तीही खाल्ली. बसमध्ये त्यांनी माझं केळंसुद्धा नाकारलं होतं.

हात धुऊन ते खाटेवर टेकले, तेवढ्यात जिप्सी येऊन थांबली. धुळीनं माखलेला, कानशिलं पांढरी झालेला एक माणूस उतरला. काका उठून उभे राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ते पाठीमागे नेले, पुढे आणले, शेवटी खिशात घातले. दाविद अंगणाच्या मधोमध थांबला. मला वाटलं, आता कुणीतरी एकजण रडेल किंवा ओरडेल.

दाविदनं गळ्यातला दुपट्टा सोडून तोंड पुसलं. त्यामागे तो जरा जास्तच वेळ राहिला. मग दुपट्टा खांद्यावर टाकत त्यानं विचारलं, "जेवले काय, बाबा?"

"नाही," काका म्हणाले.

मी अंगणातल्या सुपाकडे बघायला लागले. फुलवंतीनं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग ती आत गेली आणि तिनं तवा पुन्हा चुलीवर ठेवला.