न झालेल्या मीटिंगमधली दोन मिनिटं

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रोबेशनवालीची नोकरी कायम झाली. असं काहीही झालेलं नाही.

झालं ते एवढंच. सहा महिन्यांपूर्वी टीम लीडने रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारात, एक बदल टाकताना वैतागून नोंद केली होती, 'साहेबांच्या हट्टापायी बटण हिरवं केलं.' तिथे प्रत्येक बदलाची नोंद नावातारखेसकट राहते. आणि शुक्रवारी साहेब त्या नोंदी सगळ्या ऑफिससमोर, भिंतीवरच्या पडद्यावर बघणार होते.

लीडने त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नोंदींचा इतिहास दुरुस्त केला. 'साहेबांच्या दूरदृष्टीनुसार बटण हिरवं केलं.' मग फोर्स पुश मारून, म्हणजे नवा इतिहास जबरदस्तीने वर चढवून, रिपॉझिटरीतला जुना उडवला आणि निवांत चहाला गेला. कुणाला सांगितलं नाही. गुपचूप केलेली गोष्ट सांगणार कशी?

प्रोबेशनवालीच्या मशीनवरच्या प्रतीत मात्र जुनाच इतिहास होता. ती आपलं काम चढवायला गेली, तर रिपॉझिटरी म्हणाली, तुमचा इतिहास वेगळा, आमचा वेगळा.

"दादा, मर्ज करू का?" तिने शेजारच्या डिझायनरला विचारलं.

"कर की. मर्ज म्हणजे दोघांनाही सांभाळून घ्यायचं."

तिने घेतलं. सहा महिन्यांच्या नोंदी दोन-दोनदा झाल्या, आणि सगळ्यात वर मर्जची नोंद तिच्या नावाने बसली.

मीटिंगमध्ये साहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा, दुप्पट काम! आणि सगळ्यात वर नाव हिचं? कायम करून टाका हिला."

टाळ्या पडल्या. मग साहेबांनी चष्मा लावला.

"एकाच दिवशी, एकाच मिनिटाला, बटण एकदा माझ्या दूरदृष्टीने हिरवं झालं आणि एकदा माझ्या हट्टापायी?"

"दोन बटणं असतील, सर," लीड म्हणाला.

"बटण एकच आहे. रंग मीच सांगितला होता."

चाळीस माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागली.

"पाच मिनिटांत पुसतो, सर."

"पुसाच. आणि ही मीटिंग झालीच नाही. कळलं?"

"सर, मग माझं कायम होणं?" प्रोबेशनवालीने विचारलं.

"ते कुठल्या मीटिंगमध्ये झालं?"

सोमवारी तिने एचआरकडे रीतसर अर्ज दिला : 'न झालेल्या मीटिंगमधली चार दहा ते चार बारा एवढी दोनच मिनिटं अलगद उचलून झालेल्या इतिहासात जोडण्यात यावीत, ही नम्र विनंती. उरलेल्या मीटिंगबाबत अर्जदाराची काहीही तक्रार नाही, कारण अर्जदार तिथे हजर नव्हती.'