उन्हापासून जपलेली गाडी

सूर्य सर्वांना सारखाच प्रकाश देतो. त्या प्रकाशाचं काय करायचं, हा मात्र ज्याच्या त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे. हेडक्लार्कांचे संस्कार उत्तम होते. त्यांच्या सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक अजून शाबूत होतं, फ्रिजला झालरीचं झबलं होतं, आणि पाहुण्यांसाठी घेतलेले कप पाहुण्यांनाही मिळत नसत (पाहुण्यांच्या हातून वस्तू निसटतात).

अशा घरात सौरगाडी आली. छतावर काळ्या काचेच्या पट्ट्या, त्यांवर ऊन पडलं की बॅटरी भरते, इतका साधा मामला. ‘सामान्य माणसासाठी, थेट सूर्याकडून’ असं जाहिरातीत होतं. मध्ये दलाल नाही, हे हेडक्लार्कांना फार पटलं. त्यांनी शेजाऱ्यांशी तीन आठवडे वाद घालून आवारातली भर उन्हाची जागा मिळवली, तिथे गाडी लावली, आणि उन्हाने रंग उडू नये म्हणून तिच्यावर जाड कापडाचं कव्हर घातलं.

घरात त्यांची आईही होती. तिचा धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळला होता आणि तिला आता बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या.

“अरे, एकदा तुझ्या गाडीतून भाऊला बघून येऊ,” ती म्हणाली. “वाट बघतोय तो.”

“नेणार गं. आधी बॅटरी पूर्ण भरू दे.”

सबब, मागणी तत्त्वतः मंजूर झाली. टॅक्सीची सूचना सूनबाईंनी मांडली होती. परंतु दारात स्वतःची गाडी उभी असताना भाड्याच्या गाडीत बसणं घराण्याला शोभणारं नसल्यामुळे ती फेटाळण्यात आली.

बॅटरी भरेना. हेडक्लार्कांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, “गाडी उन्हात असते ना, सर?”

“दिवसभर.”

“कव्हर काढून?”

“उन्हात कव्हर काढायचं?” हेडक्लार्क म्हणाले. “मग कव्हर कशासाठी असतं?”

मुलीने प्रश्न नोंदवून घेतला. तरीही नवीन विज्ञानाशी जुळवून घ्यायला हवं म्हणून त्यांनी मध्यम मार्ग काढला. सकाळी चहा होईपर्यंत, कोवळ्या उन्हात, कव्हर अर्धं गुंडाळलं जाई. ऊन तापलं की ते पूर्ववत. पहिल्या सहामाहीचा आढावा समाधानकारक होता: रंग शंभर टक्के, ओरखडे शून्य, एकूण प्रवास शोरूम ते आवार.

शेवटी सूनबाईंनीच कारस्थान केलं. नवरा कचेरीत गेला की त्या कव्हर काढत आणि तो परतायच्या आत घालत. सासूबाई खिडकीत पहारा करत. आठवड्याभरात बॅटरी काठोकाठ भरली. आईने नवी चप्पल काढली, भावासाठी लोकरीची टोपी विणून पिशवीत ठेवली आणि दाराशी येऊन बसली.

हेडक्लार्कांनी भरलेली बॅटरी पाहिली. त्यांना भरून आलं.

“एवढी भरलेली बॅटरी एका फेरीत संपवायची?” ते म्हणाले. “अडीअडचणीला असू दे. पुढच्या रविवारी बघू.”

पुढच्या रविवारच्या आधी, गुरुवारी, फोन आला. भाऊ गेला.

सूनबाई गाडीची किल्ली घेऊन उभ्या राहिल्या. हेडक्लार्कांनी ती हळूच काढून घेतली. नव्या गाडीचा पहिला प्रवास अशा प्रसंगी करणं बरं दिसत नाही, हे कोणालाही कळेल. सगळे टॅक्सीने गेले. टॅक्सीला अर्धा तासही लागला नाही. आई वाटभर पिशवीतल्या टोपीवरून हात फिरवत राहिली. हेडक्लार्कांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. परतल्यावर त्यांनी गाडीवर दुसरं कव्हर घातलं, कारण पहिलं उन्हाने विटलं होतं.

वाचकांनी हेडक्लार्कांना हसायला हरकत नाही. फक्त ‘सवड झाली की निवांत जाऊ’ असं म्हणून तुम्ही ज्या कोणाकडे जायचं ठेवलं आहे, ते माणूस अजून आहे का, एवढी आधी चौकशी करावी. हसणं त्यानंतरही होईल.