शेवटून पहिलं भरीत

ललितचं डोकं सकाळपासून भणभणत होतं, आणि त्यात बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प! संगणकावर प्रथिनाच्या खाचेत औषधांचे रेणू एकेक करून बसवायचे आणि कोणता किती घट्ट बसतो त्याचे गुण काढायचे. गुण द्यायच्या पद्धती तीन, आणि तिन्हींचा पहिला नंबर वेगळा.

हर्षदा मॅडमनी युक्ती सांगितली होती, "जे लागू पडतं हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, असं एक जुनं औषध त्यात मिसळ. जी पद्धत त्याला वर आणेल, तिच्यावर विश्वास ठेवायचा. पण आज संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर प्रकल्प पुढच्या वर्षी!"

ललितनं मिसळलं. तिन्ही पद्धतींनी ते औषध एकमतानं तळाला बसवलं. आता मॅडमना काय सांगावं?

नवागामला घरी आला, तर गल्लीत भरताच्या स्पर्धेवरून जुंपलेली. पंच तीन, त्याची आई शोभाबाई, सुकदेव आबा आणि सुमनमावशी. इथंही तिघांचा पहिला नंबर वेगळा. बक्षिसाचा कुकर टेबलावर ताटकळत होता आणि भरीत करून आणलेल्या बाया पदर खोचून उभ्या होत्या.

"ललित, तू कॉलेजात गुणच काढतोस ना? मग सोडव बाबा हे!" सुमनमावशी म्हणाली.

ललितला मॅडमची युक्ती आठवली. आईच्या हातचं भरीत म्हणजे अख्ख्या नवागामात नावाजलेलं. लग्नात ते असलं की जिलबीला कुणी विचारत नसे. तो गुपचूप घरात गेला, दुपारचं उरलेलं भरीत एका ताटलीत काढलं आणि पंचांपुढे ठेवलं. "हे एक राहिलंच होतं."

आबांनी तोंड वाकडं केलं. "नुसता धूरना वास!"

"मीठ घालायलाच विसरली गं बाई," मावशी म्हणाली.

शोभाबाई तर घास गिळल्यावर वरून पाणी प्यायली. "हाई भरीत शे का चिखलना लोंदा? ज्या बाईनं करं, तिनी पुन्हा वांगाले हातच लावाना नही!"

ललितनं ताटली हळूच आपल्याकडे सरकवली.

"आई... हे तुझंच आहे. दुपारचं."

शोभाबाईनं ताटली परत ओढली. एक घास घेतला, डोळे मिटले.

"धूरना कसा मस्त वास शे, दख!"

"मी तं पहिलेच सांगं ना!" आबा म्हणाले.

"मीठ तर असं बेताचं, की बघत राहावं," मावशीनं मान डोलावली.

पहिला नंबर एकमतानं ठरला आणि कुकर शोभाबाईच्या काखेत गेला. स्पर्धेतल्या बाया ललितकडे अशा बघायला लागल्या, की तो मागं सरकत भिंतीला टेकला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय रे, जुनं औषध वर आणणारी पद्धत सापडली का?"

"सापडली, मॅडम," ललित भाबडेपणानं म्हणाला. "फक्त ते औषध कुणाचं आहे, हे तिला आधी सांगावं लागतं."