अर्जीस लागणारा इंग्रजी शब्द आणि तळ्याच्या बांधाची हकीकत

श्रीजिव्हा प्रसन्न. ओठ, दात आणि टाळू या तिन्ही दैवतांस दंडवत घालून लिहिले ऐसे जे: शके १७४२, विक्रमनाम संवत्सरी, राजधानी मोठ्या तळ्याच्या बांधाच्या पायथ्याशी सुखाने नांदत असतां महाराजांचे मनी आले की टोपीकर साहेब आपणांस अडाणी लेखतो, आणि मग हुकूम फर्माविला की दरबारी येईल त्या अर्जीत एक दुर्मीळ इंग्रजी शब्द असावा, तो शुद्ध उच्चारावा, मगच गाऱ्हाणे ऐकावे, ज्यास शब्द नाही त्यास अंतोबा कोशनवीस यांनी सरकारी कोशातून द्यावा. ऐसी रयतेची सोय केली. मग एका कुंभाराने चाक मोडल्याचे गाऱ्हाणे 'बॉर्बोरिग्मस', म्हणजे पोटातील गुरगुर, या शब्दासह मांडिले आणि शाल मिळविली. चाक मोडकेच राहिले.

श्रावण वद्य पंचमीस गोजराबाई कोळीण, जिचे घरी बांधाची राखण पिढीजात, धावत आली आणि बोलली, "म्हाराज, बांधाला भगदाड पडाया लागलंय. शंभर माणूस आन् माती द्या, सांजच्याला बुजवू. न्हाईतर खालची आळी जाईल. माझी लेकरं बी तितंच हायती."

महाराज म्हणाले, "बाई, शब्द?"

शब्द नव्हता. अंतोबांनी कोश उघडून 'डिफेनेस्ट्रेशन' दिला. बाईने पुसिले, "दादा, ह्याचा अर्थ काय?" आजवर कोणी अर्थ पुसिला नव्हता, सबब अंतोबा गहिवरले आणि हळूच म्हणाले, "माणसास खिडकीतून बाहेर टाकणे."

"ध्यानात ठिवते," म्हणोन बाईने शब्द उच्चारिला. मग दोघे शास्त्री उठले. एक म्हणाले, जोर 'फे'वर पाहिजे. दुसरे, ज्यांनी साहेबाच्या आचाऱ्यापासून विद्या संपादिली होती, म्हणाले, 'स्ट्रे'वर. आणि मग दाखले निघाले, आणि मग फराळ जाला, आणि मग महाराजांनी उभयतांची तारीफ करून निकाल उद्यावर टाकिला. गोजराबाई ओरडली, "जोर कुठं बी द्या, पण माती द्या!" हे वाक्य अशुद्ध ठरले. लिहिणाराचा संताप शाईत मावत नाही, तरी लिहितो. बाईने पदर खोचिला आणि माघारी जाऊन रातोरात अवघी आळी होड्यांत काढिली. हे काम फौजेचे. फौज तेव्हा उच्चार पाठ करीत होती.

षष्ठीस दोन प्रहरी बांध फुटला. आळी बुडाली, माणूस वाचले. आणि मग पाणी राजवाड्यात शिरले, शास्त्री कौलांवर चढले आणि महाराज वरल्या खिडकीत एकटे उरले. खालून गोजराबाईची होडी जाताना पाहून हाक मारते जाले, "बाई, आम्हांस वाचवा!"

बाईने वल्हे थांबविले. "म्हाराज, शब्द?"

महाराजांनी 'डिफेनेस्ट्रेशन' म्हणताना, चूक नको म्हणोन, दोन्ही ठिकाणी जोर दिला.

"अर्थ?"

महाराजांनी शब्दच पुन्हा उच्चारिला. मग होडीतला बाईचा भाऊ खिडकीत चढला आणि महाराजांस कंबरेस धरून होडीत टाकिले. "ह्यो अर्थ," बाई बोलली आणि वल्हे मारिले.

येणेप्रमाणे राजधानी गेली, महाराज राहिले, कोश भिजोन फुगला. जोर कोठे द्यावा याचा निकाल अद्याप व्हावयाचा आहे. बांध कोळ्यांनी पुन्हा बांधिला. अर्जी केली नाही.