अनंतरावांचे केस आणि निजामुद्दीनचा टँकर

अनंतराव टबात बसून आंघोळ करत. त्या दुष्काळी वर्षी औरंगाबाद शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि बीड बायपासपलीकडच्या त्यांच्या नव्या कॉलनीत तर नळच पोचला नव्हता. पोचल्या होत्या फक्त इमारती. म्हणून आंघोळीचं पाणी टबात धरायचं आणि त्यानंच फरशी पुसायची, असा नियम खुद्द अनंतरावांनीच काढला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ कॉलनीच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते. तर एका सकाळी त्या टबात त्यांना आपलेच केस तरंगताना दिसले. एखाददुसरा नव्हे, चांगला पुंजका.

"उमा!" ते आतूनच बायकोला ओरडून म्हणाले. "हे टँकरचं पाणी! दुसरं काही नाही!"

कॉलनीला निजामुद्दीनचा टँकर पाणी देत असे. दौलताबादकडच्या एका विहिरीवर तो भरायचा. बरेच दिवस अनंतरावांच्या नडग्यांची कातडी कोरडी पडून सोलत होती. तिचंही कोडं त्यांना टबात बसल्या बसल्या सुटलं. पाण्यातले क्षार!

"आणि पोट?" उमाताईंनी विचारलं. "पँटचं बटण लागत नाही, ते पण टँकरमुळंच का?"

"क्षार अंगात साठतात. मग वजन वाढणारच."

"आणि भर मे महिन्यात स्वेटर घालून बसता ते?"

"विहिरीचं पाणी गारच असतं," अनंतराव म्हणाले. आयुष्यभर पाण्याच्या फायली हाताळलेल्या माणसाला पाण्याबद्दल कुणी शिकवावं, हे त्यांना सहन होत नसे.

"मी म्हणते, एकदा रक्त तपासून घ्या."

"रक्त कशाला? पाणी तपासायला पाहिजे!"

पण पाणीही त्यांनी तपासलं नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली आणि स्वेटर घालून भाषण ठोकलं. भाषण संपेपर्यंत निम्मी कॉलनी स्वतःचे केस ओढून पाहत होती, आणि ओढल्यावर ज्यांच्या हातात काही आलं नाही त्यांनी आणखी जोरात ओढले. कन्नड तालुक्यातून येऊन स्थायिक झालेले तात्यासाहेब सर्वांत जास्त खवळले. त्यांच्या डोक्यावर गेली वीस वर्षं एकही केस नव्हता.

"माझे गेले ते गेले," ते गरजले, "पण पोरासोरांचे जाऊ देणार नाय! बंद करा त्यो टँकर!"

दुसऱ्या दिवशी निजामुद्दीन आला तेव्हा त्याला फाटकातच अडवलं. अख्खी कॉलनी गॅलऱ्यांमध्ये उभी राहून बघत होती.

"साहेब, आमच्या घरात बी येच पानी," तो काकुळतीला येऊन म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "बघा की, किती दाट केस हायेत!"

"तू तेल लावत असशील," अनंतराव म्हणाले. "आमच्या लोकांच्या जिवाशी खेळायचं नाही. चल, टँकर मागं घे!"

भरलेला टँकर तसाच उलटा फिरवून निजामुद्दीन निघून गेला. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या.

टाळ्या पडल्या खऱ्या, पण दुसरा टँकर मिळेना. शहर चहूकडून वाढत होतं, दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या, टँकरवाल्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. एक जण कसाबसा आला, त्याच्या पाण्यात शेवाळ निघालं. लोक भांडी न घासता कागदाच्या पत्रावळींवर जेवू लागले. आंघोळी बंद झाल्यानं टबात केस दिसेनात, आणि हा आपल्या निर्णयाचाच परिणाम असल्याचं अनंतरावांनी सगळ्यांना ऐकवलं. हे ऐकवतानाच समितीच्या बैठकीत त्यांना बसल्या जागी झोप लागली. तेव्हा मात्र उमाताईंनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथं उमाताई बाहेरच थांबल्या, कारण डॉक्टरांशी आपण एकटेच बोलणार, असं अनंतरावांनी बजावलं होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "तुमची थायरॉईडची ग्रंथी मंद झाली आहे," ते म्हणाले. "तिचं हार्मोन कमी पडलं की केस गळतात, कातडी कोरडी पडते, वजन वाढतं, थंडी वाजते, झोप येते, विसरायला होतं."

"म्हणजे हे सगळं पाण्यामुळं..."

"पाण्याचा काय संबंध?"

अनंतरावांचे कान गरम झाले. कित्येक महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच स्वेटर नकोसा वाटला.

"पण डॉक्टर, हा तर बायकांचा आजार ना?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"बायकांना जास्त होतो. तुम्हालाही झालाय."

बाहेर आल्यावर त्यांनी उमाताईंना ॲसिडिटी असल्याचं सांगितलं. गोळ्यांची बाटली खिशात खोल दडवली. आता निजामुद्दीनला गुपचूप परत आणायचं, म्हणजे कुणाला काही कळायलाच नको, असा बेत करून ते स्कूटरवरून थेट विहिरीवर पोचले.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "उद्यापासून ये."

निजामुद्दीन पाइप गुंडाळत राहिला. "साहेब, मला सबके सामने काढलं. चार कॉलन्यांनी नंतर विचारलं, तुझ्या पान्यात काय मिलावट हाय? बुलाना हो तो सबके सामने बुलाओ."

अनंतरावांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. अध्यक्षपद गेलं तरी चालेल, पण अख्ख्या कॉलनीसमोर बायकांच्या आजाराचं नाव घ्यायचं! दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी रिकामी कळशी घेऊन फाटकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. ते पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी निजामुद्दीनला बोलावून घेतलं आणि त्याला शेजारी उभं करून ते पार्किंगमध्ये बोलायला उभे राहिले.

"पाणी चांगलं आहे," ते खाली मान घालून म्हणाले. "माझंच बिघडलंय. मला थायरॉईड आहे. निजामुद्दीनभाई, माझं चुकलं."

आता हशा उठणार म्हणून अनंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"गोळी कितीची दिली?" मागून एका बाईंनी विचारलं.

"पन्नासची," ते पुटपुटले.

"माझी पंचाहत्तरची," त्या म्हणाल्या. दुसरीची शंभरची निघाली. तात्यासाहेब घसा खाकरून म्हणाले, "मला बी हाय. कोनाला सांगितलं नाय, लाज वाटायची." आणि मग पाठीमागून ओळखीचा आवाज आला. "माझी पन्नासची. सहा वर्षं झाली."

अनंतरावांनी वळून पाहिलं. उमाताई होत्या.

घरी आल्यावर त्यांनी खिशातली गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली. "मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, खाऊन लोळण्याला आजकाल नवीन नाव निघालंय. आणि गच्चीवर चकरा मारायला पाठवलंत. भर उन्हात."

अनंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांना एकच आशेचा किरण दिसला. "डॉक्टर म्हणत होते, या आजारात माणूस विसरतो फार," त्यांनी चाचरत विचारलं. "तू पण विसरत असशील ना, जुनं बोललेलं वगैरे?"

"विसरायचे पूर्वी," उमाताई म्हणाल्या. "आता माझा रिपोर्ट नॉर्मल आहे. मला शब्द न् शब्द आठवतो."