वानखडे काकांचे चाळीस राजमे

वानखडे काकांच्या घरी राजमा शिजत नाही. चंदीगडमध्ये हे कुणालाही सांगितलं की तो आधी काकांच्या पोटाची चौकशी करतो. पोट उत्तम आहे. राजमा बरणीत असतो, धुऊन पुसून ठेवलेला, आणि तो खेळायचा असतो.

मी सेक्टर बत्तीसला नर्सिंग शिकते आणि सेक्टर बावीसमध्ये काकांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे रविवारी दुपारी पुस्तक मिटून खेळायला बसायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटतं. पण मी परभणीची, काका अकोल्याचे. पहिल्याच दिवशी जिन्यात त्यांनी "काय वं, जेवली का?" असं विचारलं आणि त्यानंतर त्यांना नाही म्हणणं मला जमलेलं नाही.

खेळ असा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि काका सांगतील त्या गुहेत शिरायचं. समोर काय आलं ते काका सांगतात, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्र तयार करताना मोजून चाळीस राजमे मिळतात. ताकद, जादू, उपचार, चलाखी अशा चार वाट्यांत ते टाकायचे. एक वाटी भरली की दुसरी रिकामी राहणार. त्या रिकाम्या वाटीवर काकांचं फार प्रेम.

शेजारच्या कापडदुकानातली गुरप्रीत आणि तिचा भाऊ जस्सी आमच्याबरोबर खेळतात. जस्सीला सगळ्या वाट्या भरायच्या असतात.

"अंकल जी, मेरा बंदा तलवार भी चलाएगा, जादू भी करेगा. और उड़ेगा भी."

"और ये दोनों?" काकांनी आम्हा मुलींकडे बोट दाखवलं. "नीचे खड़ी होकर ताली बजाएँगी? वजन देख भाई, वजन."

'वजन' हा काकांचा शब्द. हवाई दलात ते मालवाहू विमानात सामान लावायचे. सगळं एका बाजूला गेलं तर विमान उठत नाही, आणि उठलं तर ते त्याहून वाईट. काका भाजीसुद्धा दोन पिशव्यांत सारखी वाटून आणतात. एकदा भोपळा एकच होता, तर दुसऱ्या पिशवीत वीट होती.

मी माझ्या वैद्यिणीच्या उपचाराच्या वाटीत पस्तीस राजमे टाकले. ती आता मरणाच्या दारातून माणूस परत आणते, पण तिला गुडघाभर भिंत चढता येत नाही. जस्सीचा योद्धा तिला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. जस्सी तिला लगेज म्हणतो.

"काका, अजून पाच मिळाले तर..." मी एकदा चाचरत म्हटलं.

"नाही भेटणार. तुला उचलायला जस्सी आहे, जस्सीच्या जखमा शिवायला तू आहे. एकमेकांची गरज संपली का खेळ संपला."

पाचवी खुर्ची काकूंची. शोभाकाकू दोन वर्षांपासून इथून जवळच झिरकपूरला मुलाकडे राहतात. काका दर शनिवारी फोन करतात, "उद्या खेळ आहे, येते का?" काकू म्हणतात, "बघते." रविवारी चार वाजेपर्यंत काकांचा एक कान जिन्याकडे असतो.

मी भीतभीतच विचारलं होतं, काकू का गेल्या म्हणून. काका वाट्या पुसत होते.

"मी रिटायर झालो अन् घराचा ताबा घेतला. सकाळी सहाला भाजी चिरून तयार. तिच्या गोळ्या माझ्या ध्यानात, तिच्या भिशीची तारीख मला पाठ. चहासुद्धा करू दिला नाही तिला. मला वाटे, सुखात ठेवतो. एक दिवस म्हणाली, अहो, या घरात माझा डावच येत नाही. आठ दिवस म्हणून पोराकडे गेली." त्यांनी पुसलेली वाटी पुन्हा पुसली. "मग पोराच्या इथल्या जुन्या कपाटात हा खेळ सापडला. त्यात लिहिलं होतं, एकाच गड्याला सगळं येऊ देऊ नका, बाकीचे नुसते बसून राहतात. एवढं कळायला मला बासष्ट वर्षं लागली बाप्पा."

गेल्या रविवारी काकू खरंच आल्या. काका त्यांची पर्स घ्यायला धावले, मग हात मागे घेतला. काकूंचं पात्र काकांनी तयारच ठेवलं होतं, कुलपं उघडणारी एक चोरटी बाई. गुरप्रीतची नजर दुकानदाराची. तिने वाट्यांकडे पाहिलं.

"अंकल जी, ये तो ज़्यादा हैं."

"चालीस ही हैं."

जस्सीने मोजले. साठ निघाले.

काकांचे कान लाल झाले. "ती पहिल्यांदा खेळतेय. हरली तर..." हरली तर ती परत येणार नाही, एवढं आम्हा सगळ्यांना कळलं.

"म्हणजे इथेही तुम्ही माझं काम करूनच ठेवलं," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्यासारख्या वाटल्या. त्यांनी वीस राजमे मोजून काकांकडे सरकवले. "मला या पोरांएवढेच द्या."

गुहेत शिरलो तर मागचं दार बंद झालं आणि पुढच्याला कुलूप. काकूंनी फासा टाकला. नाही उघडलं. पुन्हा टाकला. पुन्हा नाही.

"अंकल जी, कोई हिंट तो दो," जस्सी म्हणाला.

काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

"तुम्हाला माहीत आहे ना, ते कसं उघडतं?" काकूंनी चष्म्यावरून विचारलं.

"आहे."

"सांगू नका."

"नाही सांगत."

सहा वाजले तरी दार बंदच. काकू उठल्या. "ते कुलूप माझं आहे. मी नसताना कुणी हात लावायचा नाही."

"आंटी जी, हम अगले संडे तक अंदर ही फँसे रहेंगे?"

"रहो," काकू म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

काकांनी रिक्षा बोलवायला मोबाइल काढला. काकूंनी फक्त वर पाहिलं. मोबाइल खिशात गेला.

आम्ही गॅलरीतून बघत होतो. झिरकपूर म्हटल्यावर दोन रिक्षावाले तसेच निघून गेले. तिसऱ्याशी काकूंची घासाघीस सुरू झाली. काका दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून उभे होते.

"जास्त सांगतोय तो तिला," ते पुटपुटले. पण हाक मारली नाही.