मुठीत अडकलेला श्वास

"वरचा आकडा एकशे बासष्ट," कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी दंडाचा पट्टा सोडत सांगितलं. "सोमवारी पुन्हा मोजू. दहा मिनिटांच्या अंतराने, दोनदा. दोन्ही वेळा दीडशेच्या आत आला तर क्रेन. नाहीतर स्टोअर."

स्टोअर म्हणताच क्रेनवाला खुर्चीतून अर्धा उठला. बावीस वर्षं तो साठ फुटांवरच्या केबिनमध्ये एकटा बसत आला होता. तिथे साहेब नव्हता, सल्ला नव्हता, सुख होतं. आणि स्टोअरमध्ये होता बायकोचा धाकटा भाऊ, स्टोअरकीपर. ज्याला आपण सायकल शिकवली, त्याच्या हाताखाली आता नटबोल्ट वेचायचे, या विचारानेच रक्तदाब आणखी दोन आकडे वर गेला असणार.

"अहो, श्वासाने उतरतं ते," बायको म्हणाली. "वरच्या मजल्यावर सिस्टर प्राणायाम शिकवतात. उद्यापासून जायचं."

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. त्यांच्या वर्गात नऊ बायका आणि कोपऱ्यात क्रेनवाला. "श्वास आत घ्या... आता रोखून धरा," सिस्टर म्हणाल्या आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या बाल्कनीत गेल्या आणि सुनेशी बोलण्यात रंगल्या. बायकांनी आपापले श्वास सोडले, गप्पाही सुरू केल्या. क्रेनवाला मात्र वाट बघत राहिला. आधी लाल झाला, मग जांभळा, आणि शेवटी शेजारच्या काकूंच्या चटईवर आडवा झाला.

"अहो, जीव गुदमरला की श्वास सोडायचा ना!" सिस्टर फोन टाकून धावत आल्या.

"तुम्ही सांगितलंच नाही."

"मी नाही सांगितलं तर काय जन्मभर धरून बसणार?"

खरं उत्तर 'हो' असंच होतं. खालून इशारा आल्याशिवाय ओझं सोडायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. खाली उभा असलेला सिग्नलवाला तळहात वर नेतो, तेव्हा उचलायचं. मूठ वळली की आहे तिथे धरायचं. हात खाली आला की सोडायचं. बावीस वर्षांत त्याने हा नियम कधी मोडला नव्हता, म्हणून बावीस वर्षांत कुणाच्या पायाचा अंगठासुद्धा चेंगरला नव्हता. आता हे शहाणपण थेट छातीत जाऊन बसलं होतं, त्याला तो तरी काय करणार!

मग घरात बायको समोर उभी राहून खुणा करू लागली. पण तिला हात न हलवता बोलता येत नसे आणि न बोलता उभं राहता येत नसे.

"धाकटा म्हणत होता, भाऊजींसाठी खिडकीजवळची खुर्ची ठेवतो, उशीसकट! माझा भाऊ आहेच तसा मायाळू—"

एवढ्या एका कौतुकात तिचे हात चौदा वेळा वरखाली झाले. क्रेनवाल्याने चौदा श्वास घेतले, चौदा सोडले, आणि कपाटाला धरून खाली बसला. घरच्या यंत्रावर एकशे शहात्तर. त्या दिवशी तो जेवलाच नाही.

शेवटी त्याने आपल्या सिग्नलवाल्याचेच पाय धरले. तो भला माणूस रोज सकाळी कामावर जाताना हेल्मेटसकट घरी येऊ लागला. तळहात सावकाश वर, मूठ, हात सावकाश खाली. वीस टनांचा तुळयांचा गठ्ठा उतरवावा तसा एकेक श्वास अलगद उतरू लागला. रविवारी आकडा एकशे अठ्ठावीस! बायकोने यंत्र दोनदा आपटून पाहिलं.

सोमवारी अर्थातच सिग्नलवाला बरोबर होता. "बाहेर थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हरकत नव्हती, दाराला काच होती. काचेपलीकडे तळहात वर गेला, मूठ वळली, हात खाली आला.

"एकशे सव्वीस! छान. आता दहा मिनिटांनी एकदा, की झालं."

क्रेनवाल्याचे डोळे भरून आले. नऊ मिनिटं सगळं सुरळीत चाललं. सिग्नलवाल्याने तळहात वर नेला, मूठ वळली, आणि नेमका तेव्हाच व्हरांड्यातून मेव्हणा आला.

"काय म्हणतायत आमचे भाऊजी? खुर्ची पुसून ठेवलीय म्हटलं!"

सिग्नलवाला सभ्यपणे त्याच्याकडे वळला. मूठ तशीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी पट्टा फुगवला. क्रेनवाला काचेतून त्या मुठीकडे बघत होता. सोडावा? आपणच? त्याच्या कानशिलात घण पडू लागले. पण नियम तो नियम.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा टाकून दुसऱ्या रकान्यात लिहिलं.

सिग्नलवाल्याचं आत लक्ष गेलं. तो दार ढकलून धावत आला आणि हात खाली नेत ओरडला, "अरे, सोड की!"

क्रेनवाल्याने श्वास असा सोडला, की टेबलावरचे कागद उडाले. बाईंनी कुतूहल म्हणून पट्टा पुन्हा फुगवला.

"एकशे अठरा!"

"मग हेच लिहा ना, बाई!" क्रेनवाला रडवेला होऊन म्हणाला.

बाईंनी फॉर्म उलटून पाहिला, पालटून पाहिला. त्यांनाही वाईट वाटलं. पण रकाने दोनच होते, आणि त्यांच्याही धंद्यात नियम तो नियम.

मंगळवारी मेव्हण्याने खिडकीजवळची खुर्ची पुढे ओढली, उशी ठीकठाक केली.

"बसा भाऊजी. आता इथे कसली घाई नाही. मस्त मोकळा श्वास घ्या."

क्रेनवाल्याने श्वास घेतला आणि सवयीने खिडकीतून खाली पाहिलं. सिग्नलवाला मान वर करून, साठ फुटांवरच्या केबिनमधल्या नव्या माणसाला मूठ दाखवत उभा होता.